नंबरचा गॉगल

"बाबा, खाली तळ दिसतोय," भिंगरी म्हणाली. ती कोरडी होती. तिच्या गटातली बाकीची सगळी पोरं पाण्यात होती, स्पर्धेआधीच्या सरावाची शिट्टी होऊन बराच वेळ झाला होता, आणि माझी ही नऊ वर्षांची पोरगी तलावाच्या काठावरून उलटी चालत कठड्यापाशी आली होती. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर मी केलेला नवा गॉगल. मी पायऱ्यांच्या तिसऱ्या ओळीत बसलो होतो, तो उठून खाली कठड्याशी गेलो. "दिसणारच," मी म्हणालो, "दिसायलाच पाहिजे. त्यासाठीच तर त्यात नंबर घातलाय." दुकानात एखादं गिऱ्हाईक नवा चष्मा लावून, जमीन वर आल्यासारखी वाटते म्हणून कुरकुर करतं, तेव्हा मी ज्या आवाजात बोलतो तोच आवाज लागला माझा. सवय होईल, दोन-चार दिवस जाऊ द्या, असा. "पण खूप खाली आहे," ती म्हणाली. "केवढं खाली आहे ते." तिनं मान वळवून पाण्याकडे पाहिलं आणि चटका बसल्यासारखी परत माझ्याकडे वळवली. गॉगलच्या काचांमागे तिचे डोळे बारीक दिसत होते. वजा नंबरच्या काचेमागे दिसतातच. "मला वाटायचं, खाली नुसतं निळं असतं," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, याच तलावात तर रोज पोहतेस तू." ती म्हणाली, "हो ना," आणि कठड्याचा गज धरून उभी राहिली.

खरं तर मी आज इथे यायचाच नव्हतो. तिला पोहायला आणणं-नेणं, टॉवेल, केसांना तेल, सरांशी बोलणं, हे सगळं खातं बायकोचं. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे, दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या फिरवते, आणि संध्याकाळी तिथून सरळ शाळेत आणि शाळेतून तलावावर. मी दुकानात. आज नेमकी तिला ड्यूटी लागली, बदली कोणी मिळेना, म्हणून मी दुकानाच्या दाराला 'आज बंद' चिकटवून आलो. निघताना तिनं मला दहा वेळा बजावलं होतं, "बॅग मी भरलीय. तू तिच्यातलं काही काढू नकोस, काही घालू नकोस. तुझा काही भरवसा नाही." मी हो म्हणालो. ती जिना उतरून गेल्यावर मी बॅग उघडली आणि जुना गॉगल काढून स्वयंपाकघरातल्या खणात टाकला. त्याच्या काचा ओरखड्यांनी पार आंधळ्या झालेल्या, पट्ट्याला गाठ मारलेली. असली वस्तू आपल्या मुलीनं स्पर्धेत लावावी, तीही चष्म्याचं दुकान असलेल्या माणसाच्या मुलीनं, हे मला बघवेना. नवा गॉगल मी तिच्या आईला दाखवलाही नव्हता. तो पूर्ण झाला काल रात्री. गेला महिना मी दुकानात गिऱ्हाईक नसताना तेच काम करत होतो. बाजारात नंबरचे गॉगल मिळतात, नाही असं नाही, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, आणि भिंगरीचा डावा डोळा उजव्यापेक्षा बराच वाईट आहे. मी तिच्या नंबरच्या दोन काचा घासून घेतल्या, गॉगलच्या आतल्या बाजूला बसतील अशा बेतानं कडा उतरवल्या, आणि चिकटवल्या. एकही बुडबुडा नाही. पंचवीस वर्षांत इतकं नीट काम मी क्वचितच केलं असेल. सकाळी तिला न्हाणीघरात नेऊन बादली भरली आणि म्हणालो, घाल तोंड. तिनं गॉगल लावून बादलीत तोंड बुडवलं, बराच वेळ वर येईना, मग ओलीचिंब होऊन वर आली आणि म्हणाली, "बाबा, बादलीच्या तळाला लिहिलंय काहीतरी!" कारखान्याचा ठसा होता तो. आम्ही दोघंही खूष झालो. त्या वेळी मला एकदाही असं वाटलं नाही, की बादली ती बादली आणि तलाव तो तलाव.

आता पाण्यातली पोरं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात-येत होती, नुसते हात आणि टोप्या. वर छताला लावलेल्या पत्र्यांखाली त्यांचा आवाज घुमत होता आणि पाण्यातल्या औषधाचा वास नाकात बसला होता. माझ्यापलीकडे एक बाई आपल्या मुलाच्या नावानं सारखी ओरडत होती, तो पाण्याखाली असतानासुद्धा. मी तिच्याकडे पाहिलं तर ती डोळे बारीक करून पाहत होती. हिलाही नंबर आहे आणि चष्मा पर्समध्ये आहे, मी मनात म्हणालो. हा माझा जुना चाळा आहे. बसस्टॉपवर, लग्नात, दवाखान्यात, कुठेही गेलो तरी मी माणसांचे नंबर ओळखत बसतो. हा वजा दोन, ही वाचायला अधिक दीड, या आजोबांचा मोतीबिंदू पिकलाय. त्यामुळे कंटाळा येत नाही, आणि लोकांशी बोलावंही लागत नाही. बायको म्हणते, तुला माणूस दिसतच नाही, त्याचे डोळेच दिसतात. तिचं बोलणं खोटं नाही. दिवसभर मी परक्या माणसांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसतो, त्यांच्या श्वासाचा वास मला कळतो, कोणी काय खाल्लंय तेही कळतं, कोणाच्या पापणीवर केव्हाची जखम आहे ते दिसतं, आणि ती माणसं दारातून बाहेर पडली की चेहरा आठवत नाही. घरात मात्र मी तीन वर्षांपूर्वीपर्यंत कोणाच्या तोंडाशी तोंड नेलं नव्हतं. भिंगरीला दिसत नाही हे मला नाही, तिच्या बाईंना कळलं. फळ्यावरचं लिहून घेत नाही, शेजारणीचं बघून लिहिते, अशी तक्रार आली. मग तिची आई जे बोलायला लागली ते अजून थांबलेलं नाही. "अख्ख्या जगाचे नंबर काढतोस, आणि पोटची पोर भिंतीला धडकत फिरतेय ते दिसलं नाही तुला?" नाही दिसलं. भिंगरी वस्तू नाकाशी धरून बघायची, ते मला लाडिकपणाचं वाटायचं. ती धावत येऊन माणसाच्या अगदी जवळ उभी राहायची, ते मला प्रेमाचं वाटायचं.

मग तिला दुकानात बसवून मी तिचा नंबर काढला. उंच स्टुलावर तिचे पाय लोंबत होते. मी काचा बदलत होतो, "आता बरं की मघाचं बरं?" विचारत होतो, आणि ती प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघून, मला कुठलं उत्तर आवडेल ते शोधत होती. शेवटी मी रागावलो. "माझ्याकडे नको बघू, अक्षरांकडे बघ." तिनं निमूटपणे अक्षरं वाचली. तेवढा अर्धा तास तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर लांब होतं. तिच्या उजव्या भुवईत एक बारीक पांढरा केस आहे, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यानंतर दरवर्षी नंबर वाढला की तेवढा अर्धा तास आम्ही असे बसतो. कोणी विचारलं, मुलीसाठी काय करतोस, तर मला हाच अर्धा तास सांगता येईल. म्हणून तर हा गॉगल. आपल्या हातचं काहीतरी तिच्या अंगावर असावं, ती जिंकली तर त्यात आपलंही थोडं असावं, असं मला फार वाटत होतं. आणि ते तिच्या आईला कळावं असंही वाटत होतं.

"काय झालं हो हिला?" सर आले. तलावाचे सर म्हणजे उन्हानं रापलेला, पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी आणि पायात स्लिपर असा माणूस. पोरं त्यांना घाबरत नाहीत, आया घाबरतात. "कालपर्यंत पाण्यातून बाहेर काढावं लागायचं. आज पाय ओला करत नाहीये. काल घरी काही झालं का? रागावलात का?" मी म्हणालो, "नाही हो, काही नाही." हे मी इतक्या पटकन म्हणालो की भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनंही सरांकडे बघून नाही अशी मान हलवली. तिनं मला सांभाळून घेतलं हे माझ्या लक्षात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गॉगल नवाय," मी म्हणालो. सरांनी तिच्या डोळ्यांवरचा गॉगल काढून आपल्या डोळ्यांसमोर धरला आणि लगेच लांब केला. "अरे बापरे! नंबरचा आहे होय! एवढा नंबर आहे हिला? कोणी करून दिला?" "मीच." "काम झकास आहे हो," ते काचांच्या कडांवरून बोट फिरवत म्हणाले. "कळतसुद्धा नाही बसवलेलं." इतकं मनापासून कौतुक माझं बऱ्याच दिवसांत कोणी केलं नव्हतं. मग ते म्हणाले, "पण आजच कशाला काढलात? मी सगळ्यांना सांगितलंय, स्पर्धेच्या दिवशी नवीन काही नको. टोपीसुद्धा नको. जुना कुठाय?" "घरी." "घरी," ते म्हणाले आणि शिट्टी नुसतीच हातात फिरवत राहिले.

त्यांनी माझा गॉगल तिच्या हातात दिला आणि त्यांच्या खोक्यातून एक साधा गॉगल आणला. कोणाचा तरी विसरलेला. मला तो दुरूनच कळला, की बसणार नाही. हिच्या नाकाचा दांडा बारीक आहे, डोळे जवळजवळ आहेत, आणि तो गॉगल रुंद तोंडाच्या माणसाचा होता. तरी तिनं तो लावला, काठावर पालथी पडून पाण्यात तोंड घातलं आणि ठसकत वर आली. डाव्या बाजूनं पाणी शिरत होतं. पट्टा आवळला, तरी शिरलं. सर म्हणाले, "गॉगलशिवाय जाशील का गं?" तिनं मान हलवली. "डोळे मिटून?" "मग भिंत कशी कळणार?" तिनं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तिच्या गटाला अजून थोडा अवकाश आहे," ते म्हणाले. "मोठ्या मुलांच्या शर्यती आधी आहेत. जबरदस्ती मी करत नाही, पोर एकदा बिथरली की परत पाण्याजवळ येत नाही, दोन-तीन मुलं मी अशी घालवलीयत. तुम्ही दोघं ठरवा. नाव काढून टाकायचं तर काढू." आणि ते दुसऱ्या पोरांकडे गेले.

आम्ही दोघं कठड्याच्या अलीकडे आणि पलीकडे उभे राहिलो. तिनं टॉवेल पांघरला होता. मोठ्या मुलांची पहिली शर्यत सुटली आणि पाणी काठावरून उसळून तिच्या पायांवर आलं, तशी तिनं पाय मागे घेतले. रोज संध्याकाळी याच पाण्यातून तिला ओढून काढावं लागतं, म्हणे. मी ते पाहिलेलं नाही. मला आमच्याकडे येणाऱ्या एक आजीबाई आठवल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्मा मी करून दिला, आणि आठवड्यानं त्या रागारागानं परत आल्या. म्हणाल्या, "अहो, घर केवढं घाण आहे माझं! भिंतीला ओल आलीय, कोपऱ्यात जळमटं आहेत, आणि सून म्हातारी झालीय. हे कोणी केलं?" मी हसलो होतो आणि दुकानात बसलेली गिऱ्हाइकंही हसली होती. मी म्हणालो, "आजी, मी फक्त काच केलीय." हा माझा नेहमीचा विनोद झाला, गिऱ्हाइकांना सांगायला बरा पडतो. त्या आजी मात्र हसल्या नव्हत्या. त्या जाताना चष्मा काढून पर्समध्ये ठेवून, दार चाचपडत गेल्या. मला आता त्यांचं तोंड आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, तर फक्त त्यांचा नंबर आठवला.

मलाही भिंगरीएवढा असतानाच चष्मा लागला. आमची खोली लांबुळकी होती. मी दाराशी बसून अभ्यास करायचो, आणि आई दुसऱ्या टोकाला खिडकीशी शिवणयंत्रावर. माझ्या जागेवरून मला ती नीट दिसायची नाही, म्हणजे ते नीट न दिसणं आहे हे मला माहीत नव्हतं. मला एक गोरी, गोल आकृती दिसायची, आणि तिला एक तोंड, आणि ते तोंड माझ्याकडे बघून हसतंय. कायम. मी तिकडे बघून वेडीवाकडी तोंडं करायचो, वहीतली चित्रं उंच धरून दाखवायचो, कधी नुसताच हात हलवायचो, आणि ती हसायची. मोठ्या सुखाचे दिवस होते ते. मग शाळेत डोळे तपासणारे आले आणि मला चष्मा लागला. नवा चष्मा लावून मी घरी आलो, दाराशी माझ्या जागेवर बसलो आणि तिकडे पाहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होती, तोंड थोडं उघडं होतं आणि हात यंत्रावर नुसता पडलेला होता. ती खूप दमलेली होती. मी हात हलवला. तिला तो दिसलाच नाही. मग मी चष्मा काढला, आणि ती परत हसायला लागली. त्यानंतर बरेच महिने मी घरात चष्मा लावत नसे. कोणी विचारलं तर नाकाला टोचतो म्हणायचो. आजही कोणी दुकानात येऊन चष्मा नाकाला टोचतो म्हणालं, की मी जास्त खोलात शिरत नाही; नाकाजवळची गादी जरा वाकवून देतो. पुढे मी याच धंद्यात पडलो, त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. दुकान काकांचं होतं आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. हे सगळं मला इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं. आठवलं असतं तर गॉगल करताना आठवायला हवं होतं.

"आईला फोन करू या?" भिंगरी म्हणाली. मला राग आला. काही झालं की आई. पण राग तिच्यावर नव्हता, हे मला कळत होतं. "आई काय करणार आहे तिथून?" मी म्हणालो. "तुला पोहायचंय का ते सांग. नसेल पोहायचं तर आपण घरी जाऊ. कोणी काही बोलणार नाही." मी खरंच तयार होतो. मनातल्या मनात मी बॅग उचललीसुद्धा होती, आणि घरी गेल्यावर तिच्या आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालवली होती. पोट दुखलं म्हणायचं. भिंगरीही तेच म्हणाली असती. ती मला सांभाळून घेते, हे मघाशी दिसलंच होतं. आणि मग ती पुन्हा या पाण्याजवळ आली नसती, आणि ते का, हे फक्त आम्हा दोघांना माहीत राहिलं असतं. तिनं टॉवेलाच्या टोकानं नाक पुसलं. "पोहायचंय," ती म्हणाली. "पण खाली बघायचं नाहीये." "आणि भिंत?" "भिंत बघायचीय." ती अगदी गंभीरपणे म्हणाली, गिऱ्हाईक ऑर्डर देतं तशी. भिंत दिसली पाहिजे, तळ नको.

मी हात पुढे केला. "आण इकडे गॉगल." काम सुचलं की माझा जीव जरा जाग्यावर येतो. पोहताना तिचं तोंड खाली असतं, म्हणजे नजर काचेच्या मधून आणि खालच्या भागातून जाणार. पुढची भिंत बघायला ती डोळे वर करणार, म्हणजे वरची कड. म्हाताऱ्यांच्या चष्म्यात आम्ही दोन भाग करतो, वरून लांबचं, खालून जवळचं. तसंच काहीतरी. बाहेरून काही लावलं तर पाण्यानं धुऊन जाईल, पण आतली बाजू कोरडी राहते. मी अंगठा कपाळावरून फिरवला, मग नाकाच्या बाजूनं, जिथे माणसाला जास्त तेल सुटतं, आणि मग तिच्या टोपीतून बाहेर आलेल्या तेलकट बटेवरून. आणि तो अंगठा मी काचेच्या आतून टेकवला. हात थोडा थबकला माझा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगत आलोय, काचेला अंगठा लावू नका हो, कडेनं धरा; आणि हा अंगठा मी चांगला दाबून, गोल फिरवून, खालचा सगळा भाग बरबटवला. डावी काच, मग उजवी. वर फक्त एक स्वच्छ पट्टी ठेवली. डोळ्यांसमोर धरून पाहिलं तर खाली सगळं दुधट झालेलं. "लाव," मी म्हणालो. तिनं लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं विचारलं, "स्वच्छ दिसतंय?" आणि लगेच जीभ चावली. ती फिस्सकन हसली. ती काठावर गेली, पालथी पडली, पाण्यात तोंड घातलं. मी कठड्याच्या गजाला धरून वाट बघत होतो. ती उठून बसली आणि तिथूनच ओरडली, "निळंय!"

तिच्या गटाला बोलावलं तेव्हा मी वर माझ्या जागेवर गेलो नाही. जायला पाहिजे होतं. पालकांनी कठड्यापाशी उभं राहू नये असं पाटीवर लिहिलेलं होतं. पण पाय निघेनात. मी पुढे सरकत सरकत पलीकडच्या टोकाच्या खांबापर्यंत गेलो, जिथे शर्यत संपते. समोरच्या काठावर सहा पोरी ओट्यांवर चढल्या. सगळ्या टोप्या सारख्या. माझी कुठली ते मी तिच्या वाकड्या उभं राहण्यावरून ओळखलं. तिनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली, निदान मला तसं वाटलं. तिनं आता माघार घेतली तर मी त्याच क्षणी जाऊन तिला उचलून आणणार होतो, पाटी गेली खड्ड्यात. इशारा झाला. बाकीच्या पाचजणी गेल्या. ती राहिली. लोकांमधून एक हुंकार आला, सगळे मिळून काढतात तसा. आणि मग ती पडली. उडी अशी नव्हेच ती, कोणी ढकलल्यासारखी पोटावर फाडकन पडली, आणि वर आली तेव्हा हात चालायला लागले होते. मी यापूर्वी तिला पोहताना पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांची मुलगी माझी, दोन वर्षं पोहतेय, आणि मी दुकानात. ती सुंदर पोहते. उगीच बाप म्हणून सांगत नाही. तिच्या हाताला घाई नाही, पाणी कापताना आवाज येत नाही, बाकीच्या पोरी पाण्याशी मारामारी करत होत्या आणि ही आपली निघाली होती कुठेतरी. मधल्या खोल भागावरून ती गेली तेव्हा मी श्वास धरला होता. तिनं धरला नसावा. एकीला तिनं मागे टाकलं, दुसरीला शेवटच्या हातांत गाठलं, आणि भिंतीला हात लावला तेव्हा ती चौथी होती. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. चष्मा धूसर झाला आणि मला ती एक क्षण दिसेनाशी झाली, म्हणून तो मी घाईघाईनं शर्टालाच पुसला, जे कोणीही करू नये.

ती शिडीनं वर आली. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि काहीतरी म्हणाले. तिनं गॉगल कपाळावर चढवला. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो, खांबाशेजारी. तिच्या डोळ्यांभोवतीचे गॉगलचे लाल वळ मला दिसत होते, भुवईतला तो केससुद्धा मला दिसतोय असं वाटत होतं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती वर पाहत होती, पायऱ्यांच्या तिसऱ्या ओळीकडे, डोळे बारीक करून. आणि मग तिचं तोंड एकदम फुललं आणि तिनं हात उंच करून हलवायला सुरुवात केली, नुसता पंजा नाही, खांद्यापासून सगळा हात. मी वळून पाहिलं. माझ्या जागेवर एक माणूस बसला होता. माझ्यासारखाच पांढरा शर्ट, माझ्यासारखंच पुढून उडालेलं डोकं. कोणाचा बाप, कोणाचा काका, कोण जाणे. त्यानं आधी मागे वळून पाहिलं, कोणाला हात करतेय ही म्हणून. मागे कोणीच नव्हतं. मग त्यानं पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला काय कळलं कोणास ठाऊक. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. भिंगरी हसत जागच्या जागी उड्या मारायला लागली. अशी हसताना मी तिला घरात कधी पाहिलेलं नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला. एक हाक मारली असती तर ती वळली असती, चार पावलं चालून माझ्याकडे आली असती. हाक ओठांवर आलीही होती. पण मग तिला कळलं असतं, की एवढा वेळ ती कोणा परक्याला हात करत होती. मी हाक मारली नाही. उलट खांबाच्या आड सरकलो, आणि त्या माणसानं इतक्यात हात खाली घेऊ नयेत, म्हणून तिथून मनातल्या मनात त्याच्या विनवण्या करत राहिलो.